लष्करी शेल्टरचा कॅम्पर आणि पुण्यातली एफडी

तुमच्या पत्रातला हिशोब आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. तुम्ही डेन्व्हरजवळ राहता, घरी तिघं, मुलगा ९ वर्षांचा. हातात महिना ८,९०० डॉलर येतात, ७,४०० जातात. बचत खात्यात २१,०००. क्रेडिट कार्डावर ३,८०० बाकी, व्याज २३ टक्के. पगार ९६,०००, ४०१(के)मध्ये (कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात) तुम्ही ४ टक्के भरता आणि कंपनी ६ टक्क्यांपर्यंत तेवढीच भर घालते. लष्कराच्या भंगारातून निघालेला एम११०२ ट्रेलर २,२०० ला आणि एस-२५० शेल्टर (लष्करी यंत्रं ठेवायचा ॲल्युमिनियमचा डबा) १,३०० ला मिळतंय, बाकी कामाला ४,५०० धरून ८,००० मध्ये कॅम्पर होईल असा तुमचा अंदाज आहे. त्यासाठी पुण्यातल्या १४ लाखांच्या एनआरओ ठेवीतले (परदेशस्थ भारतीयाची इथल्या रुपयांतली ठेव) ६ लाख मोडावेत का, हा प्रश्न.

ठेव मोडू नका. ती तुम्ही आईवडिलांच्या आजारपणासाठी ठेवली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. रात्री अकराला फोन आला की हॉस्पिटलचं डिपॉझिट भरायला रुपयांतलाच पैसा लागतो, आणि तो तिथेच असावा लागतो. मुदतीआधी मोडल्यावर व्याज कापलं जाईल, एनआरओच्या व्याजावर टीडीएस जाईल, इकडे पाठवायला सीएचं प्रमाणपत्र आणि फॉर्म लागतील. एवढं करून हाती सात हजार डॉलरच्या आसपास येतील. (जाता जाता: भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी सरकारचा फॉर्म, भरावा लागतो. १४ लाखांच्या ठेवीने तुम्ही ती रेषा ओलांडलेली आहे. भरत नसाल तर कॅम्परच्या आधी ते काम करा.)

आता कॅम्परकडे वळू. तुमचे ४,५०० अगदी बरोबर आहेत, हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक लोक तिथेच चुकतात. शेल्टर बसवायची फ्रेम ५००, दोन खिडक्या आणि छताचा पंखा ७००, रंग आणि सीलंट ३५०, २०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटऱ्या, पॅनेल, चार्जर, फ्यूज, वायरिंग मिळून १,३००, डिझेल हीटर २५०, १२ व्होल्टचा फ्रिज ४००, पलंग-कपाटं ९००, धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, अग्निशामक १२०. बेरीज ४,५२०.

तुमच्या कागदावरून सुटलाय तो मधला खर्च. लिलावाचा बायर्स प्रीमियम (लिलाववाले खरेदीदाराकडून घेतात ती फी) आणि विक्रीकर, ४०० धरा. डेपोतून ट्रेलर आणायचा तर त्यावर नंबरप्लेट नसते, दुसऱ्या ट्रेलरवर चढवून आणावा लागतो: ६००. शेल्टर उचलायला फोर्कलिफ्ट आणि वाहतूक ३५०. नोंदणी आणि व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) तपासणी १५०. १२ व्होल्टचे दिवे, ७ पिनचा प्लग आणि पिंटल हुक ३००, कारण ट्रेलर २४ व्होल्टचा आहे आणि त्याच्या पुढच्या लोखंडी कड्याला तुमच्या ४रनर गाडीच्या मागचा बॉल चालत नाही. ब्रेक आणि बेअरिंग ४००. आणि टायर. या ट्रेलरला हमव्ही या लष्करी गाडीची ३७ इंची, साडेसोळा इंच रिमची चाकं असतात. साडेसोळा इंचाचं माप नागरी बाजारातून जवळजवळ गेलंय, म्हणजे टायर संपले की रिमही बदलावे लागतात. ८ बोल्टचं, बोल्टांचं वर्तुळ साडेसहा इंचाचं असलेलं रिम सहज मिळतं, फक्त मधलं भोक हबवर बसतं का ते मोजून घ्या. दोन चाकं आणि एक स्टेपनी मिळून १,०५०. टायरवर नुसती नक्षी बघू नका, टायरवर कोरलेल्या डॉटच्या (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) शिक्क्यातले शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. डेपोत उभे राहून म्हातारे झालेले टायर दिसायला कोरे असतात आणि हायवेवर पहिल्याच उन्हाळ्यात सोलून निघतात.

हे सगळं ३,२५० होतं. तुमचे ८,००० धरून ११,२५०, त्यावर न दिसणाऱ्या खर्चाला १५ टक्के. म्हणजे १३,००० डॉलर.

वजनाची मात्र तुम्ही उगाच काळजी करताय. ट्रेलर रिकामा १,४६० पौंडांच्या आसपास, शेल्टर ७७०. त्यात फ्रेम, प्लायवूड, बॅटऱ्या, २० गॅलन पाणी (एकटं पाणीच १६७ पौंड), स्टेपनी आणि सामान धरून साधारण १,२५० येतात. एकूण साडेतीन हजारांच्या आत. एम११०२ ची मर्यादा ४,२०० आणि तुमच्या गाडीची ५,०००, तेव्हा वजन बसतं. पण हुकवर १० ते १५ टक्के भार यायला हवा, म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या ॲक्सलच्या थोड्या पुढे ठेवा. सगळं मागे गेलं की ट्रेलर उतारावर शेपूट हलवायला लागतो. त्याचे ब्रेक सर्ज पद्धतीचे आहेत, गाडी थांबताना ट्रेलर पुढे रेटतो त्या रेट्यावर लागतात. आयझेनहावर बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. तिथून खाली येताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर हे ब्रेक सतत लागून राहतात आणि तापतात.

अडचण जागेची आहे, आतल्या आणि बाहेरच्या. एस-२५० मुळात पिकअपच्या हौद्यात बसेल असं बनवलेलं, म्हणून खाली अरुंद आणि वर रुंद. बाहेरून सव्वासात फूट लांब, साडेसहा फूट रुंद, आतली उंची सव्वापाच फुटांच्या आसपास. तुम्ही दोघं त्यात आरामात झोपाल, वाकून उभे राहाल. मुलगा तीन वर्षांनी बारा वर्षांचा होईल, तेव्हा तो बाहेर तंबूत झोपणार हे आजच मान्य करावं लागेल. सौ.नी टॉयलेटचं विचारलंय, तो प्रश्न रास्त आहे: पेटीचं पोर्टेबल टॉयलेट मावतं, पण त्याला वेगळी खोली मिळणार नाही. दार एकच, मागे. म्हणून एक खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी मोठी हवीच, आणि ती पलंगाजवळ. हा डबा इलेक्ट्रॉनिक यंत्रं धूळ-पाण्यापासून वाचवायला बांधलेला असल्याने दार लावलं की जवळजवळ हवाबंद होतो. वर-खाली कायमची उघडी झडप ठेवल्याशिवाय आत एकही रात्र झोपू नका, गॅसची शेगडी तर दूरच.

बाहेरची जागा म्हणजे ट्रेलर उभा कुठे राहणार. ट्रेलरवर शेल्टर चढलं की उंची साडेआठ फुटांच्या घरात जाते. तुमच्या गॅरेजचं दार सात फुटांचं. ड्राइव्हवेवर एचओए (तुमच्या वसाहतीची घरमालक संघटना) काय म्हणते ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या हिशोबात सगळा निकाल त्यावरच लागतोय.

६ वर्षं वापरून विकताना ४,००० आले असं धरू. उरलेले ९,००० म्हणजे वर्षाला १,५००. विमा आणि नोंदणी ३५०, ग्रीस-सीलंट-टायर २५०. स्टोरेज यार्डात ठेवला तर महिना ७०, वर्षाला ८४०. एकूण २,९४०. तुम्हाला भाड्याचा कॅम्पर विम्यासकट १२० डॉलर रात्रीने मिळतो. म्हणजे यार्डात ठेवणार असाल तर वर्षाला २५ रात्री बाहेर काढल्या तरच स्वतःचा परवडतो. घरीच उभा राहिला तर १८ रात्री पुरतात. तुम्ही २० रात्री लिहिल्यात, पण त्याच पत्रात गेल्या वर्षी ९ रात्री गेलो असंही लिहिलंय. शिवाय बांधकामाचा पहिला उन्हाळा तर अंगणातच जाईल, सुट्ट्यांचे शनिवार-रविवार करवत धरण्यात.

भाड्याशी तुलना ही पैशाची झाली. स्वतःच्या हातांनी बांधण्यात जो आनंद आहे, मुलाला शेजारी बसवून वायरिंग शिकवण्यात जे आहे, त्याला मी शून्य किंमत देत नाही. वर्षाला पाचशे-सहाशे डॉलर जास्त गेले तरी तो खर्च चुकीचा म्हणणार नाही. फक्त तो मौजेचा खर्च आहे, ही गुंतवणूक नव्हे, आणि मौजेचा पैसा महिन्याच्या शिलकीतून यावा.

तेव्हा क्रम असा धरा. या महिन्यात ४०१(के) ४ वरून ६ टक्के करा. आज तुम्ही वर्षाला १,९२० डॉलर कंपनीकडेच सोडून देताय, शेल्टरच्या किमतीहून जास्त. कर वजा जाता हातात महिना १२५ कमी येतील. उरलेल्या १,३७५ मधून कार्ड आधी फेडा, तीन महिन्यांत संपेल. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत १२,००० जमतात. निम्मे बचत खात्यात टाका, ते आज जेमतेम पावणेतीन महिन्यांच्या खर्चाइतकं आहे, साडेतीनच्या वर जाईल. निम्मे, म्हणजे सहा हजार, कॅम्परचे. ४०१(के)वर कर्ज काढायचा पर्यायही तुम्ही विचारलाय. नको. नोकरी सुटली तर शिल्लक कर्ज पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत परत भरावं लागतं, नाहीतर ते काढलेले पैसे धरून कर आणि साडेएकोणसाठच्या आत १० टक्के दंड. कॅम्परचं व्याज दुसरं घर म्हणून वजा होतं हे तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पलंग, स्वयंपाक आणि टॉयलेट असेल तर. पण त्यासाठी कर्ज त्याच कॅम्परवर तारण हवं आणि तुमच्या वजावटी त्या वर्षीच्या स्टँडर्ड डिडक्शनच्या (सरसकट मिळणारी वजावट, २०२५ साठी जोडप्याला ३१,५००) वर जायला हव्यात. तुमच्या घरात दोन्ही नाही.

सहा हजार जमले की आधी फक्त ट्रेलर घ्या. लिलावातून घेतलात तर टायटलसाठी (मालकीच्या दाखल्यासाठी) एसएफ-९७ हा सरकारी विक्रीचा कागद लागतो, तो पैसे भरल्यावर काही आठवड्यांनी येतो. खाजगी माणसाकडून घेताना त्याच्या नावावर टायटल आहे का ते बघा. "कागद नंतर देतो" म्हणाला तर परत फिरा, कारण मग बॉन्ड (हमीची रक्कम) भरून टायटल काढावं लागतं. नंबरप्लेट हातात येईपर्यंत शेल्टरवर एक डॉलर घालू नका. नोंदणी झालेला, टायर बदललेला ट्रेलर नुसता सामानाला म्हणूनही वापरता येतो आणि विकला तर बरेचसे पैसे परत येतात.

शेल्टर बघायला जाल तेव्हा खिशात एक नाणं ठेवा. भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे आणि मध्ये फोम. कोपऱ्यापासून हातभर अंतरावर नाणं वाजवत जा. घट्ट भिंत टणक, एकसारखी वाजते. जिथे आवाज भदभद येतो तिथे पत्रा फोमपासून सुटलाय, आत पाणी शिरलंय. छताचे कोपरे, जुन्या केबलच्या भोकांभोवतीचा भाग आणि दाराचा उंबरठा या जागा आधी तपासा. आत चढून जमिनीवर टाच दाबा, दबली तर ते शेल्टर सोडा, १,३०० चं ३०० ला दिलं तरी. ट्रेलरच्या हौद्यात ते खरोखर बसतं का, की बाजूचे पत्रे काढावे लागतील, हे टेपने मोजूनच ठरवा. मूळचा रंग सीएआरसी जातीचा, म्हणजे रासायनिक अस्त्रांना टिकणारा लष्करी रंग असतो, जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट. कोरडा घासू नका, त्यावर गॅस टॉर्च किंवा वेल्डिंग करू नका. घासायचाच तर ओल्या सँडपेपरने, मास्क लावून, आणि मुलाला लांब ठेवून. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला थेट लावले की तिथे पत्रा पांढरा पडून खातो, मध्ये सीलंट किंवा नायलॉनचा वॉशर घाला.

खिडकीसाठी जिगसॉ लावण्याच्या आदल्या दिवशी थांबून पुन्हा एकदा हिशोब बघा. अखंड शेल्टर रेडिओवाले, शिकारीला जाणारे, शेतकरी असे कितीतरी लोक घेतात. कापलेलं शेल्टर तुमच्यासारखाच कॅम्पर हवा असलेला एखादाच घेतो. विमा कंपनीशीही त्याआधी बोला: घरी बांधलेल्या कॅम्परला कबूल किमतीचा विमा मिळेल का, त्यासाठी कोणते फोटो आणि पावत्या लागतील, नोंदणीत युटिलिटी ट्रेलर लिहिलेलं चालेल का. रस्त्यावर तुमच्या ट्रेलरमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर सहसा ओढणाऱ्या गाडीची पॉलिसी भरते, पण ट्रेलर चोरीला गेला किंवा जळला तर तुमच्या १३,००० चं कोणी काही देत नाही.

एचओएचे नियम या आठवड्यात वाचा आणि उत्तर लेखी मागवा. ते "नाही" म्हणाले आणि यंदा भाड्याच्या कॅम्परमध्ये १५ रात्रीही झाल्या नाहीत, तर पुढच्या वर्षीही भाड्यानेच जा. ते "हो" म्हणाले, १५ च्या वर रात्री झाल्या आणि कार्ड शून्यावर आलं असेल, तर ट्रेलरवर बोली लावा. प्रीमियम आणि कर धरून २,६०० च्या वर जाऊ नका.