युरोपातली तरुण मंडळी लँडस्केप आर्किटेक्चरच्या भविष्याकडे कशी बघतात?

मी नेदरलँड्समध्ये याच फील्डमध्ये आहे (म्हणजे बागा, चौक, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागा यांचं डिझाइन), ऑफिसात बहुतेक सगळे तिशीच्या आतबाहेरचे, तर त्यांच्या गप्पांवरून सांगतो. काम संपेल अशी भीती इथे फारशी कुणाला नाही, वाद आहे तो काम कशाला म्हणायचं यावर.

कोपनहेगनला २ जुलै २०११ ला दोन-तीन तासांत दीडशे मिलिमीटर पाऊस झाला (मुंबईकर हसतील, पण त्यांची गटारं तेवढ्यासाठी बांधलेलीच नव्हती) आणि तळघरं, रस्ते सगळं पाण्यात गेलं. मग २०१२ मध्ये अख्ख्या शहराचा प्लॅन आला, की नुसते पाइप मोठे करत बसायचं नाही, पाणी बागेत, चौकात, रस्त्याकडेला थोपवायचं. रॉटरडॅमचा बेंथेमप्लेन हा चौक बघा, २०१३ मधला. एरवी पोरं बास्केटबॉल खेळतात, पायऱ्यांवर बसतात, आणि धो धो पाऊस आला की तिथे साधारण १७ लाख लिटर पाणी साठू शकतं. आमची पिढी हेच बघत शिकली.

आता तरुणांचं म्हणणं आणखी पुढे गेलंय, नवीन बांधण्याआधी आधीचं उखडा म्हणतात. इथे तेखलविपन नावाची स्पर्धाच चालते, कोणत्या गावाने जास्त फरश्या काढून माती मोकळी केली त्याची चुरस, आणि लोक खरंच हौसेने अंगणं खणतात!

खरी चिडचिड वेगळीच आहे. क्लायंट पैसे देतो ते साधारण उद्घाटनापर्यंतचे, आणि झाड धड सावली द्यायला वीसेक वर्षं घेतं, मधल्या काळात त्याचं कोण बघणार? युरोपियन युनियनचा २०२४ चा निसर्ग पुनर्संचयन कायदा म्हणतो की २०३० पर्यंत शहरांतली हिरवी जागा आणि झाडांचं छत्र एकूणात घटू द्यायचं नाही, छानच आहे, पण कोरड्या उन्हाळ्यात रोपांना पाणी घालणारा माणूस कुणाच्या बजेटमधून येणार यावर मीटिंगमध्ये सगळे गप्प. म्हणून देखभाल हा डिझाइनचाच भाग धरा आणि त्याची फी द्या अशी मागणी आहे, मलाही ती शंभर टक्के पटते. रेंडर (जागा बांधून झाल्यावर कशी दिसेल त्याचं चित्र) काय, एआय आता पाच मिनिटांत काढून देतं, ज्युनिअर लोकांना त्याचं टेन्शन आहेच.

इकडे यायचा विचार असेल तर मास्टर्स इंग्रजीत होतं, पण डच शिकाच, कारण रहिवाशांच्या बैठका डचमध्येच होतात. आणि नावापुढे लँडस्केप आर्किटेक्ट लावायला इथल्या आर्किटेक्ट लोकांच्या रजिस्टरमध्ये नोंद लागते, त्यासाठी डिग्रीनंतर साधारण दोन वर्षांचा अनुभव धरून चाला. पगार भागतं इतपत, आयटीवाल्या मित्रांना सांगू नये असा.