पिशवीतून पेन्सिल पडली, तिथे लेख अडला

प्रश्न: मी १९ वर्षांची असून टेक्स्टाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी निघणाऱ्या, फॅशन आणि हस्तकलेच्या मासिकात मला फ्रीलान्स लेख लिहायचे आहेत. आजवर तीन लेख पाठवले. एक साभार परत आला, दोन लेखांचं उत्तरच आलं नाही. त्यातला एक सोबत जोडते आहे. आई म्हणते, हा छंद झाला, करिअर नव्हे. नादात अभ्यास बुडेल. शिवाय कल्पना आधीच कळवली तर ती दुसऱ्याच कुणाच्या नावावर छापून येईल, अशी भीती वाटते. पुढे काय करू?

उत्तर: तुझा ‘जुन्या टी-शर्टची न शिवता पिशवी’ हा लेख वाचला आणि मत देण्याआधी जरा आगाऊपणा केला. लेखाची प्रत, एक जुना टी-शर्ट आणि कात्री माझ्या अकरा वर्षांच्या भाचीच्या हातात दिली आणि शेजारी गप्प बसून राहिले. (हे दुसरं काम जास्त अवघड होतं.) तिने बाह्या कापल्या, गळा रुंद केला, खालच्या कडेला झालर कापली आणि पुढची पट्टी मागच्या पट्टीला बांधत गेली. तू झालर ‘साधारण लांब’ कापायला सांगितली आहेस, म्हणून पहिल्या चार पट्ट्या इतक्या आखूड झाल्या की गाठच बसेना. तरी पाऊण तासात पिशवी झाली. तिने आनंदाने कंपासपेटी पिशवीत रिकामी केली. आधी खोडरबर खाली पडलं, मग शार्पनर, मग पेन्सिल.

दोन गाठींच्या मध्ये फट राहते. प्रत्येक गाठीचं एक टोक शेजारच्या गाठीच्या टोकाला बांधलं की ती बुजते. हे तुला ठाऊक आहे, कारण तुझ्या फोटोतल्या पिशवीला एकही फट नाही. पण लेखात ती पायरीच नाही. तुझ्या हातांनी ती इतक्या सवयीने केली की लिहायची राहून गेली.

तुझे लेख छापून न येण्याचं कारण मला इथे दिसतं. तुझी भाषा चांगली आहे, शुद्धलेखन तर आजकाल क्वचित दिसावं इतकं नेटकं. पण तू लिहितेस ती मोठ्या माणसांनी कौतुक करावं म्हणून. ‘फॅशन म्हणजे केवळ कपडे नव्हेत, तर व्यक्तिमत्त्वाचा आरसा’ इथून सुरुवात आणि पुढे दीडशे शब्द त्याच चालीत. भाचीने त्यातला एकही शब्द वाचला नाही. बोट फिरवत थेट ‘साहित्य’ या शब्दावर गेली. एका हाताला गोंद, दुसऱ्या हातात कात्री आणि मासिक गुडघ्याखाली दाबून उघडं ठेवलेलं, ही तुझी वाचक. तिला ‘दोन सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर लांब’ असं सांगावं लागतं. साधारण म्हणजे किती, हे तिला कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नको.

आता गंमत बघ. लेखात सगळ्यात चांगलं जे येऊ शकलं असतं, तेच तू गाळलंस. टी-शर्टच्या कापलेल्या कडेला शिलाई का लागत नाही? कारण ते कापड होजिअरीचं, फाशात फासा अडकवून विणलेलं. शर्टाच्या कापडासारखे त्याचे दोरे सुटत जात नाहीत. आणि आडवी कापलेली पट्टी ओढली की तिच्या कडा आत वळून गोल दोरीच होते. रिबच्या, म्हणजे उभ्या धारा असलेल्या विणीच्या कापडाची मात्र अशी दोरी होत नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंचा ताण सारखा असतो. हे साठ-सत्तर शब्दांत लिहून लेखाच्या बाजूला चौकट म्हणून टाक. पिशवी करायला शिकवणारे पुष्कळ आहेत, ही चौकट मात्र कापड शिकलेली मुलगीच लिहू शकते. आईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलं: तुझी पदवी हे या लेखनाचं भांडवल आहे. लेखनासाठी ती अर्धवट सोडणं म्हणजे दुकान टाकायचं म्हणून माल विकून टाकण्यासारखं.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका मासिकाच्या संपादकीय टेबलावर काढली आहेत, म्हणून पलीकडची बाजू सांगते. आलेला लेख वाईट म्हणून नाकारला जातोच असं नाही. बऱ्याचदा तो फक्त उशिरा आलेला असतो. छापील मासिकाचा अंक बाजारात येण्याच्या तीन ते सहा महिने आधी त्याची आखणी सुरू होते. तू सुट्टीतल्या उपक्रमांचा लेख सुट्टी लागल्यावर पाठवलास. तेव्हा टेबलावर त्याच्याही पुढच्या मोसमाचे अंक होते. त्या लेखाला उत्तर आलं नाही यात मला नवल वाटत नाही.

दुसरं, तू चौदाशे शब्दांनी सुरुवात केलीस. नवख्या लेखकाला मोठी पानं सहसा मिळत नाहीत, कारण तो वेळेवर मजकूर देईल की नाही हे संपादकाला माहीत नसतं. अंकाच्या सुरुवातीच्या छोट्या सदरांना मात्र मजकुराची कायम टंचाई असते. दीडशे-दोनशे शब्दांची एखादी युक्ती, चार प्रश्नांची प्रश्नमंजुषा, ‘डाग पडला तर काय कराल’ असलं काहीतरी. अशा तीन-चार छोट्या गोष्टी ठरल्या दिवशी दिल्यास की मोठ्या लेखासाठी तुझं नाव आपोआप पुढे येतं. छोट्या कामाचा कमीपणा वाटून घेऊ नकोस. दोनशे शब्दांत पूर्ण कृती बसवणं मला अजूनही सहज जमत नाही.

कुठेही पाठवण्याआधी त्या मासिकाचे मागचे निदान सहा अंक समोर घेऊन बस. प्रत्येक सदर किती शब्दांचं आहे ते मोज, फोटो किती आहेत बघ, वाचकाला ‘तू’ म्हणतात की ‘तुम्ही’ ते बघ. लेखकांसाठीच्या सूचना प्रसिद्ध केल्या असतील तर त्या शब्दशः पाळ. काहींना पूर्ण लेख हवा असतो, काहींना आधी प्रस्ताव. प्रस्ताव मागितला असेल तर तो पाच-सहा ओळींचाच असावा. या पिशवीसाठी मी असा लिहिला असता:

‘शाळेच्या नव्या वर्षाच्या अंकासाठी, जुन्या टी-शर्टची सुई-दोरा न वापरता करायची पिशवी. मजकूर ४०० शब्द, आठ पायऱ्या, प्रत्येक पायरीचा मी काढलेला फोटो. सोबत ७० शब्दांची चौकट: टी-शर्टचे धागे का सुटत नाहीत. कृती १० ते १२ वयाच्या तीन मुलींकडून करून घेतली आहे, एका तासात होते. मी टेक्स्टाइल डिझाइनची विद्यार्थिनी आहे.’

एवढंच. ‘मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे’ हे वाक्य मी एके काळी दिवसाला दहा वेळा वाचत असे.

कल्पना चोरीला जाण्याची भीती मला समजते. कायदा सांगायचा तर कॉपीराइट कल्पनेवर नसतोच. तो तू लिहिलेल्या मजकुरावर आणि काढलेल्या फोटोवर असतो. कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातल्या देशांमध्ये तो नोंदणीशिवाय, लिहिल्याक्षणी मिळतो. तेव्हा ‘टी-शर्टची पिशवी’ ही कल्पना कुणाचीच नाही; तुझे शब्द आणि फोटो तुझे. हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे. इंटरनेटवर पाहिलेली कृती स्वतः करून, स्वतःच्या शब्दांत मांडता येते, पण दुसऱ्याचा फोटो उचलता येत नाही. आणि जिच्याकडून कृती करून घेतलीस तिचा चेहरा फोटोत येणार असेल, तर तिच्या आईवडिलांची लेखी परवानगी हवी. नुसते हात दिसणारे फोटो काढलेस तर सगळ्यांचीच सोय होते.

खरी काळजी घ्यायची ती करारावर सही करताना. ‘प्रथम प्रकाशनाचे हक्क’ आणि ‘सर्व हक्क’ यांत फार अंतर आहे. पहिल्यात मासिक तुझा लेख सर्वांत आधी छापतं आणि पुढे तो तुझाच राहतो. दुसऱ्यात तो गेला. माझा एक लेख छापणाऱ्यांनी पुढे वार्षिक संग्रहात आणि नंतर वेबसाइटवरही वापरला. मी मानधन विचारलं, तेव्हा त्यांनी माझीच सही दाखवली. मानधन लेख स्वीकारल्यावर मिळणार की छापून आल्यावर, हेही आधी विचार. दोन्हींमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात. आणि मागवून घेतलेला लेख त्यांनी छापलाच नाही, तर काही भरपाई मिळते का, ते विचारायला लाजू नकोस.

फॅशनबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. तुझ्या दुसऱ्या लेखाचं नाव ‘बारीक दिसण्यासाठी कपड्यांच्या युक्त्या’ असं तू कळवलं आहेस. तो लेख परत आला, याचा मला आनंद झाला. हे विषय मुलींच्या मासिकांनी पूर्वी भरपूर छापले आणि त्याची किंमत वाचणाऱ्या मुलींनी मोजली. अमेरिकेत १९४४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेव्हन्टीन’ला २०१२ मध्ये आठवीतल्या एका मुलीने जाब विचारला: महिन्यातून निदान एक तरी फोटोमालिका संगणकावर फेरफार न करता छापा. तिच्या अर्जावर ८० हजारांहून जास्त सह्या झाल्या, आणि मुलींचा चेहरा वा बांधा बदलणार नाही, असं मासिकाला जाहीर करावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकात, ‘न्यू मून’ हे जाहिरातींशिवाय चालणारं मासिक निघालं होतं आणि त्याच्या संपादक मंडळात मुलीच होत्या. दहा-बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांबद्दल सांगण्यासारखं चिकार आहे. रंग एकमेकांशेजारी कसे वागतात, खिसा कसा लावायचा, सैल झालेलं इलॅस्टिक कसं बदलायचं. तिच्या अंगात काय कमी आहे, हे सांगायची गरज नाही.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि इथे मी आईंच्या बाजूची आहे. फक्त अशा लेखांवर घर चालवणारे फार थोडे. मासिकांचंही सध्या खरं नाही: ‘टीन व्होग’ची नियमित छापील आवृत्ती २०१७ मध्ये थांबली, किशोरींसाठी २०११ मध्ये सुरू झालेलं ‘रूकी’ हे ऑनलाइन मासिक २०१८ मध्ये बंद झालं. त्यामुळे पदवी होईपर्यंत महिन्याला एक प्रस्ताव आणि एक छोटा मजकूर, एवढाच वेळ याला दे. परीक्षेच्या महिन्यात तोही नको. दोन वर्षांत आठ-दहा छापील कात्रणं जमली, तर त्यांच्या आधारावर मासिकात उपसंपादक, हस्तकलेच्या संचांचं माहितीपत्रक लिहिणं, मुलांच्या उपक्रम-पुस्तिका, कपड्यांच्या ब्रँडसाठी लेखन, अशा नोकऱ्यांचं दार वाजवता येईल. कृती लिहिता येणारी आणि कापड कळणारी अशी माणसं त्यांना मिळत नाहीत.

एक साधी वही घाल: कुठे पाठवलं, कधी, काय उत्तर. आठ आठवड्यांनी एकदा दोन ओळी लिहून आठवण करून दे. तरीही उत्तर नाही आलं, तर तोच मजकूर दुसरीकडे पाठव. एकाच वेळी दोघांना पाठवायचा असेल, तर तसं दोघांनाही कळव.

पिशवीचा लेख आधी चारशे शब्दांवर आण आणि भाची सोडून दुसऱ्या कुणाकडून करून घे. तिने आता गाठी एकमेकींना बांधून टाकल्यात आणि तीच पिशवी घेऊन ती शाळेत जाते, त्यामुळे परीक्षक म्हणून तिचा काही उपयोग उरलेला नाही.