मुंबईत हॉटेल घेताना आधी नकाशा, मग पॉइंट्स

कामासाठी पहिल्यांदाच मुंबईत येताय, तर हॉटेलच्या मेंबरशिपचे पॉइंट्स आणि फुकटचा नाश्ता बाजूला ठेवा. दक्षिण मुंबईत फोर्टला काम आणि पॉइंट्ससाठी मुक्काम दूर उत्तरेला अंधेरीत, असं केलंत तर सकाळी नऊच्या चर्चगेट लोकलमध्ये बॅगेसकट शिरावं लागेल. नवख्याला ते झेपत नाही. रिक्षा तर वांद्रे-शीवच्या पुढे दक्षिणेला जातच नाही, तिथून टॅक्सीच.

‘स्टेशनपासून ५०० मीटर’ वाचून भुलू नका. ते अंतर बरेचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं, आणि हॉटेल रुळांच्या पूर्वेला की पश्चिमेला हे त्यात कळतच नाही. ऑफिस अंधेरी पूर्वेला सीप्झ या औद्योगिक क्षेत्रात आणि हॉटेल पश्चिमेला असेल, तर गाडीने रोज रूळ ओलांडायला पूल किंवा सबवे गाठावा लागतो. पावसाळ्यात अंधेरी सबवे तुंबला की संपलंच.

बुकिंगआधी मॅपमध्ये निघायची वेळ ‘आत्ता’ न ठेवता सोमवार सकाळ ९ अशी टाका. परतीसाठी संध्याकाळचे ६:३० वेगळे बघा.

बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) आणि फोर्ट दोन्हीकडे कामं असतील, तर मेट्रो ३ च्या स्टेशनपासून दहा मिनिटं चालत असलेलं साधं हॉटेल घ्या. आरे ते कफ परेड ही लाइन दोन्हीकडून जाते. पॉइंट्स बघायचेच, तर अशी दोन-तीन हॉटेलं निवडून झाल्यावर.