वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या पेशी कमी झाल्या, त्या क्ष-किरणांमुळे का?

प्रश्न : मी नऊ वर्षे क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. माझ्या डोस-बॅजवर वर्षाला साधारण १ मिलिसीव्हर्टची नोंद होते. नुकत्याच झालेल्या तपासणीत पांढऱ्या पेशी ३,८०० आल्या. पूर्वी त्या ५,०००च्या वर असत. हा रेडिएशनचा परिणाम समजावा काय? रक्तावरून तो ओळखता येतो काय?

उत्तर : तुमच्या नोंदींवरून पाहता, ही घट रेडिएशनमुळे झालेली नाही. नऊ वर्षांत मिळून तुमचा डोस सुमारे ९ मिलिसीव्हर्ट होतो; जमीन, हवेतील रेडॉन, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे जगात प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. पेशींची संख्या घटण्यासाठी अस्थिमज्जेला थोड्या वेळात सुमारे ५०० मिलिग्रे डोस मिळावा लागतो (क्ष-किरणांसाठी मिलिग्रे आणि मिलिसीव्हर्टचे आकडे सारखेच धरावेत). मला अधिक चिंता वाटते ती वेगळीच : अशी घट रेडिएशनच्या माथी मारली, की विषाणूजन्य ताप, एखादे औषध किंवा बी-१२ची कमतरता यांसारखे खरे कारण शोधायचेच राहून जाते.

अल्प डोसचा परिणाम पेशींच्या संख्येत नव्हे, तर केंद्रकातील डीएनएमध्ये होतो. तांबड्या पेशींना आणि प्लेटलेट्सना केंद्रकच नसते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना मात्र ते असते आणि त्यांतल्या अनेक पेशी वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून झालेल्या इजेची खूण त्यांच्यात सापडते. प्रयोगशाळेत या पेशींना विभाजनास प्रवृत्त करून सुमारे ४८ तास वाढवतात आणि गुणसूत्रे आखडून जाड झाली, की तिथेच थांबवून काचपट्टीवर पसरतात. निरोगी गुणसूत्राला एकच ‘कंबर’ दिसते. तुटलेली दोन गुणसूत्रे चुकीच्या टोकांनी जुळली, तर एकाच गुणसूत्राला दोन कंबरा दिसतात. रेडिएशनशी विशेष संबंध न आलेल्या माणसातही हजार पेशींमागे अशी एखादी आढळते. त्यामुळे सुमारे १०० मिलिग्रेच्या खालचा डोस या तपासणीने खात्रीने ओळखता येत नाही. तुमच्यासाठी ती करण्यात अर्थ नाही.

याहून सूक्ष्म खूणही आहे. सीटी स्कॅननंतर अर्ध्या तासाने घेतलेल्या रक्तात, डीएनएचे दोन्ही धागे जिथे तुटले तिथे जमणारे एक प्रथिन विशिष्ट रंजक लावल्यावर ठिपक्यांसारखे चमकताना दिसते. दुरुस्ती होत जाते तसे ठिपके विरतात आणि २४ तासांत त्यांतले बहुतेक नाहीसे होतात.

तरीही अल्प डोस पूर्णपणे निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही, कारण क्वचित एखादी दुरुस्ती चुकते. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कर्मचाऱ्यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मज्जेला मिळालेला सरासरी एकूण डोस केवळ १६ मिलिग्रे होता, आणि तरीही डोसबरोबर रक्ताच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा धोका वाढताना दिसला. त्या हिशेबाने १० मिलिग्रेमागे मुळातला धोका सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. आणि मुळातला धोकाच लहान असल्याने ही भर अत्यल्प ठरते.

दोन-तीन आठवड्यांनी पेशींच्या प्रकारवार गणनेसह तपासणी पुन्हा करून घ्या. संख्या कमीच राहिली, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जाताना जुने अहवाल आणि बॅजच्या नऊ वर्षांच्या नोंदी सोबत न्या.