घोषणा ठरवण्याआधी शांत कोपऱ्याची जागा ठरव

प्रिय नव्या संयोजकास,

सप्रेम नमस्कार.

लोकशाही आणि मानसिक आरोग्य हे दोन विषय एकाच रॅलीत घ्यायचे असतील, तर आधी एका वाक्यात लिहून काढ की त्यांचा एकमेकांशी संबंध काय. ते वाक्य नसेल तर एकाच रस्त्यावरून दोन घोळके चालतात. एक हक्कांच्या घोषणा देतो, दुसरा ‘तणावमुक्त राहा’चे फलक धरतो, आणि बघणाऱ्याला यांचं नेमकं म्हणणं काय ते कळत नाही. संबंध तसा सरळ आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाचे निर्णय, उपचारांपासून मतदानापर्यंत, बरेचदा दुसरेच घेऊन टाकतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम १२ कायद्यापुढे समान मान्यता देतं आणि कलम २९ राजकीय जीवनात भाग घेण्याचा हक्क देतं. दीर्घकाळ चालणारे मानसिक आजारही त्या कराराच्या कक्षेत येतात. तरीही अनेक देशांत न्यायालयाने माणसाच्या वतीने निर्णय घ्यायला पालक नेमला की त्या माणसाचा मताचा हक्क जातो. रॅलीचा कणा हा ठेव, बाकी सगळं त्याला जोडता येतं.

तारखेबद्दल थोडं. १५ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय लोकशाही दिन आणि १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. मोह १० ऑक्टोबरचा होतो, पण त्या दिवशी समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ सगळीकडे भाषणांना बोलावलेले असतात आणि तुझ्या रॅलीला कुणी उरत नाही. या दोन दिवसांच्या मधला एखादा सुट्टीचा दिवस घे.

मागण्या तीनच ठेव आणि प्रत्येकीखाली ती कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे ते लिही. ‘मानसिक आरोग्याला प्राधान्य द्या’ ही मागणी नव्हे, तिला कुणीही मान डोलावतो आणि निघून जातो. ‘सरकारी दवाखान्यात आठवड्यातून पाच दिवस समुपदेशक बसवा’ ही मागणी आहे, कारण ती पूर्ण झाली की नाही हे दारातून डोकावून कळतं. पैशांबद्दल बोलायचं तर आकडा घेऊन बोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या पाहणीनुसार सरकारं आरोग्याच्या खर्चातला सरासरी जेमतेम दोन टक्के भाग मानसिक आरोग्यावर खर्च करतात. तुझ्या प्रशासनाचा आकडा अर्थसंकल्पातून शोध आणि याच्या शेजारी ठेव.

राजकीय पक्षांचे झेंडे येऊ द्यायचे की नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरव आणि लेखी ठेव. ऐनवेळी झेंडा आल्यावर ठरवायला गेलास की भांडण रस्त्यावर होतं.

मार्ग दोन किलोमीटरच्या आत असू दे. फलक धरून, घोषणा देत चालणारा जमाव तासाला दोन-अडीच किलोमीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे एवढ्यालाच तास जातो. आधी स्वतः चालून मार्गातली सगळ्यात अरुंद जागा शोध, कारण गर्दी तिथेच तुंबते. एका चौरस मीटरमध्ये चारच्या वर माणसं झाली की अंगाला अंग लागायला लागतं. पाचच्या पुढे गर्दी धोक्याची समज, तिथे माणूस स्वतःच्या मर्जीने थांबू किंवा वळू शकत नाही. आणि पुढची रांग नेहमी पळते. तिच्यापुढे रस्ता मोकळा असतो आणि मागच्यांना प्रत्येक वळणावर थांबावं लागतं, म्हणून मध्ये फट पडते आणि ती भरायला मागचे धावतात. यावर उपाय म्हणजे सगळ्यात पुढे सावकाश चालणारी माणसं ठेवायची, चाकाच्या खुर्चीवरची असली तर उत्तमच, आणि प्रत्येक चौकात शेवटच्या स्वयंसेवकाचा फोन येईपर्यंत थांबायचं. पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक धर.

आता शांत कोपरा. याला बहुतेक संयोजक शेवटी, उरलेली जागा देतात, आणि तोच खरा मुद्दा आहे: मनाच्या आरोग्यासाठी काढलेल्या रॅलीत एखाद्याचा जीव घाबरा झाला आणि त्याला बसायला जागा मिळाली नाही, तर फलकांवर काय लिहिलंय याला काही किंमत राहत नाही. जागा स्पीकरच्या मागे नको, रुग्णवाहिकेच्या शेजारीही नको, सायरन वाजला की सगळं मुसळ केरात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, म्हणून स्पीकरपासून दहा मीटरवरचा कोपरा चाळीस मीटरवर नेलास तरी बराच फरक पडतो. सावली, चार खुर्च्या, पाणी आणि प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं, एवढं पुरे. रॅली फिरती असेल तर सुरुवातीला, शेवटाला आणि मधे एक असे तीन कोपरे हवेत. तिथे फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत आणि ‘मोफत समुपदेशन’ असा फलक लावायचा नाही. खुर्चीवर बसलेला माणूस सगळ्या गर्दीला रुग्ण म्हणून दिसायला लागला की तिथे कुणी येणार नाही.

कोपऱ्यातल्या स्वयंसेवकांना आधी दोन गोष्टी शिकव. पहिली पॅनिक अटॅकची. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, आता आपण मरणार असं वाटणं. समोर उभं राहायचं नाही, बाजूला बसायचं, न विचारता हात लावायचा नाही, भोवतालची माणसं हटवायची. वाक्यं छोटी: ‘मी इथे आहे. हे ओसरेल.’ श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. त्रास बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका, त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ते जिवावर बेतू शकतं. आणि छातीत दुखतंय असं कुणी म्हणालं तर पॅनिक समजून बसायचं नाही, डॉक्टर आधी.

दुसरी गोष्ट आत्महत्येच्या विचारांची. शंका आली तर सरळ विचारायचं: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ आलं तर एकटं सोडायचं नाही, ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, आणि तज्ज्ञ किंवा जवळचं माणूस येईपर्यंत सोबत बसायचं. पत्रकावर हेल्पलाइनचा नंबर छापण्याआधी तो स्वतः लावून बघ, एकदा रॅलीच्या वेळी आणि एकदा रात्री. बंद नंबर छापलेलं पत्रक कोऱ्या कागदापेक्षा वाईट.

व्यासपीठावर स्वतःच्या आजाराबद्दल बोलणारा माणूस असेल तर त्याची संमती दोनदा घे, आठवडाभर आधी आणि चढण्यापूर्वी. पायरीवरून परत फिरला तरी ‘का’ विचारायचं नाही, त्याची पाच मिनिटं भरून काढायला दुसरा वक्ता तयार ठेव. मुलांना अशा अनुभवकथनाला उभं करू नकोस. आत्महत्येबद्दल बोलताना पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर काहीही सांगायचं नाही आणि ‘परीक्षेमुळे’, ‘कर्जामुळे’ असं एकच कारण द्यायचं नाही, कारण त्याच अडचणीत असलेला कुणीतरी समोर ऐकत असतो. बोलून खाली उतरलेल्या माणसाजवळ तासभर कुणीतरी राहील आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन करील, हे नावानिशी ठरव. टाळ्या थांबल्यावर उघडं पडल्यासारखं वाटतं, आणि ते बहुधा घरी गेल्यावर जाणवतं.

घोषणा आदल्या दिवशी वाचून घे. लोकशाहीच्या घोषणा तापल्या की ‘वेड्यांचं सरकार’, ‘डोक्यावर पडलेले मंत्री’ असलं काहीतरी हमखास निघतं, आणि रॅलीत चालणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनाला तेच लागतं. ज्याला शिव्या घालायच्यात त्याला त्याच्या कामावरून घाल, त्याच्या डोक्यावरून नको. माइक ज्याच्या हातात असेल त्याला हे समजावून सांग, तेवढ्याने भागतं.

रॅली संपल्यावर स्वयंसेवकांना अर्धा तास एकत्र बसव, पण ‘आज काय वाटलं ते प्रत्येकाने सांगा’ अशी सक्ती नको. धक्क्यानंतर लगेच सगळं बोलून घ्यायला लावण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. पाणी, खाणं, आणि कुणाला कुणाशी बोलायचं असेल तर त्याचं नाव सांगून ठेवणं, एवढं बास. मग दोन दिवसांच्या आत मागण्यांचं पत्र स्वतः नेऊन दे, पोच घे, आणि पोचेवरच्या तारखेपासून पंधराव्या दिवशी त्याच टेबलासमोर पुन्हा उभा राहणार कोण, त्याचं नाव रॅलीच्या आधीच ठरवून ठेव.

सस्नेह,
तुझे जुने सहकारी