वाचक विचारतात : बाम, ओआरएस आणि डेटा सायन्समधलं करिअर

प्रश्न : बी.फार्म. झाल्यापासून दोन वर्षं आमच्याच मेडिकलवर बसते आहे. ग्राहकोपयोगी आरोग्य उत्पादनांच्या कंपनीत डेटा सायन्सचं काम करावं आणि पुढे टीम सांभाळावी, असं मनात आहे. इंजिनीअरिंगची पदवी नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : काउंटरवरची दोन वर्षं वाया गेली असं बिलकुल समजू नका, या कामात सगळ्यात आधी तीच उपयोगी पडतील. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतला जाणारा माल, म्हणजे बाम, अँटासिड, खोकल्याच्या गोळ्या, ओआरएस, व्हिटॅमिन, दातांची पेस्ट, हा या कंपन्यांचा धंदा. तिथल्या डेटा टीमचा वेळ रोगनिदानात फारसा जात नाही. माल किती बनवायचा, कोणत्या डेपोत किती ठेवायचा, कोणत्या स्कीमने खरंच विक्री वाढली, जाहिरातीच्या पैशाचं काय झालं, ग्राहकाची तक्रार काय, हे त्यांचे रोजचे प्रश्न असतात.

कायद्याची बाजू तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्याकडे चिठ्ठीशिवायच्या औषधांचा वेगळा वर्ग कायद्यात नाही. औषध नियमांतल्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्यांत, म्हणजे शेड्यूल एच, एच-1 आणि एक्समध्ये, जे येत नाही, ते व्यवहारात चिठ्ठीशिवाय विकलं जातं. आयुर्वेदिक बामचा परवाना वेगळा, व्हिटॅमिनच्या पूरक गोळ्या बहुतेकदा एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांत. औषध नियमांतलंच सवलतींचं शेड्यूल के तर हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात पॅरासिटामॉल, वेदनाशामक बाम, अँटासिड, ग्राइप वॉटर अशा घरगुती औषधांची सीलबंद विक्री परवान्याशिवाय करू देतं. म्हणून फक्त मेडिकल दुकानांच्या आकड्यांवर उभं केलेलं मॉडेल (जुन्या आकड्यांवरून पुढचा अंदाज सांगणारा संगणकी हिशेब) किराण्यातून जाणारा बाम पाहतच नाही. नव्या इंजिनीअरला हे कळायला बराच काळ जातो.

आता आकड्यांकडे. कंपनी स्टॉकिस्टला (घाऊक विक्रेत्याला) माल देते ती प्रायमरी विक्री, स्टॉकिस्ट दुकानदाराला देतो ती सेकंडरी, आणि दुकानातून ग्राहकाच्या हातात जाते ती टर्शरी. कंपनीकडे सगळ्यात स्वच्छ आकडा प्रायमरीचा असतो, आणि फसवतोही तोच. समजा, मार्चअखेरीला टार्गेट गाठायचं म्हणून 10+1 ची (दहावर एक फुकट) स्कीम आली आणि स्टॉकिस्टने बामच्या 40 पेट्या उचलल्या. एप्रिलमध्ये त्याने काहीच उचललं नाही. प्रायमरीवर शिकलेलं मॉडेल सांगेल की मार्चमध्ये बामची मागणी उसळते आणि एप्रिलमध्ये मरते. प्रत्यक्षात मार्चची सुरुवातीची शिल्लक 6 पेट्या, आलेला माल 40 अधिक फुकटच्या 4, अखेरची शिल्लक 31. म्हणजे दुकानांकडे गेल्या 19. एप्रिलमध्ये शिल्लक 31 वरून 12 वर आली, पुन्हा 19. फुकटच्या 4 पेट्या धरायला विसरलात तर मार्चची विक्री 15 दिसते आणि नसलेली वाढ एप्रिलच्या नावावर चढते. एक्सपायरी आणि फुटलेला माल परत गेला असेल, तर तोही विक्रीतून वजा करायचा.

दुसरी मोठी गफलत शून्याची. मे महिन्यात पारा 45 च्या वर, आणि दुकानात आठवडाभर ओआरएसची विक्री शून्य. का? माल संपला होता. हे शून्य तसंच ठेवलं, तर मॉडेल शिकतं की कडक उन्हात ओआरएस खपत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात डेपोला कमी माल सुचवतं. ज्या दिवशी शिल्लक शून्य, त्या दिवसाची विक्री ‘माहीत नाही’ अशी नोंदवायची. ‘शून्य’ लिहायचं ते माल असूनही खपला नाही तेव्हाच.

अभ्यासाचा क्रम असा ठेवा. पहिले तीन महिने एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) : त्यातले जॉइन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन हात बसेपर्यंत. सोबत संख्याशास्त्र : सरासरी आणि विचरणापासून (आकडे किती पसरलेत त्याचं माप) रिग्रेशनपर्यंत (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज). त्यानंतर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, त्यातही तक्ते हाताळायचं पांडाज हे साधन आधी. डीप लर्निंगची घाई नको. मग स्वतःच्या दुकानाचा एक प्रकल्प करा. बिलिंग सॉफ्टवेअरमधून तीन वर्षांची वस्तूवार, दिवसवार विक्री आणि शिल्लक काढा. ग्राहकाचं नाव, मोबाइल आणि डॉक्टरचं नाव काढल्याशिवाय फाइल दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. हवामान खात्याची तापमानाची आकडेवारी जोडा. आठवडी बाजाराचा दिवस, सणवार आणि कापसाचे चुकारे येण्याचा काळ यांचे स्वतंत्र रकाने करा. वेचणीच्या दिवसांत बाम, पावसाळ्यात खाजेची मलमं, उन्हाळ्यात ओआरएस हा ताल तुम्हाला तोंडपाठ असेल; तो आकड्यांत दिसतो का ते बघा.

चाचणीसाठी शेवटचे 12 आठवडे बाजूला ठेवा. सरमिसळ करून यादृच्छिक दिवस निवडू नका, नाहीतर मॉडेलला उद्याचा आकडा पाहून आजचा सांगायची सोय होते. तुलना ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात किती’ या साध्या अंदाजाशी करा. चूक मोजताना सगळ्या आठवड्यांच्या चुकांची चिन्ह सोडून बेरीज घ्या आणि तिला एकूण विक्रीने भागा. दर आठवड्याची टक्केवारी काढून सरासरी घेतली, तर विक्री शून्य असलेल्या आठवड्यात शून्याने भागायची वेळ येते. मॉडेल साध्या अंदाजाला हरवत नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर त्या एका ओळीने त्याचा विश्वास बसेल.

प्रश्न : बी.एस्सी. (संख्याशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. डेटा सायन्सचा लाखभर रुपयांचा बूटकॅम्प (काही महिन्यांचा झटपट कोर्स) करावा का?
– एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : नको. कर्ज काढून तर मुळीच नको. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, परीक्षेपुरतंच शुल्क असतं. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने करता येतो आणि मधल्या टप्प्यावर प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा घेऊन थांबताही येतं. एम.टेक. करायचं असेल, तर 2024 पासून गेट या प्रवेश परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. सरावासाठी 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाची घरनिहाय आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाकडून मोफत मिळते. ग्रामीण महाराष्ट्रातली घरं औषधांवर किती खर्च करतात, हे त्यातून काढून दाखवा. फक्त सर्वेक्षणाचे भार (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने धरायचं तो आकडा) लावायला विसरू नका. ते न लावता काढलेली सरासरी चुकते.

प्रश्न : सहा वर्षं पुण्यात याच क्षेत्रात अ‍ॅनालिस्ट आहे. आता टीम लीड म्हणून नाव पुढे आलंय. नेमकं काय बदलेल?
– एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : आधी लोक तुम्हाला आकडा मागत होते, आता त्या आकड्यावर कोण काय ठरवणार, हे तुम्हाला विचारावं लागेल. दर कामाच्या सुरुवातीला एक ओळ लिहून घ्या : निर्णय कोणता, घेणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत, आणि अंदाज कितपत चुकला तरी निर्णय तोच राहील. ही ओळ लिहिता येत नसेल तर काम हाती घेऊ नका, मागणारा कितीही मोठा असो.

मार्केटिंगवाल्यांचा हमखास प्रश्न येईल : टीव्हीवरच्या जाहिरातीने बाम किती वाढला? जाहिरात आणि दुकानदाराची स्कीम एकाच महिन्यात लावली असेल, तर कुठलंच मॉडेल दोघांचा वाटा धड वेगळा करू शकत नाही. त्यापेक्षा पुढच्या वेळी जिल्हे वाटून प्रयोग करा. स्थानिक जाहिरात चार जिल्ह्यांत द्या, तशाच चार जिल्ह्यांत देऊ नका, आधीची आठ आठवड्यांची विक्री जुळते का बघा आणि मग दोन्हीकडच्या वाढीतला फरक मोजा. जोड्या लावताना मात्र यवतमाळसमोर गोंदिया ठेवू नका. कापसाचे पैसे वेचणीगणिक तुकड्यातुकड्याने येतात, धानाचे बहुतांशी एका हंगामात. हातात पैसा खेळण्याचा काळच वेगळा असला, की जाहिरातीचा परिणाम म्हणून तुम्ही पीकपाणी मोजत बसाल.

एका बाबतीत तडजोड करू नका. ग्राहकांचे अभिप्राय आणि कॉल सेंटरच्या नोंदी वाचणारं मॉडेल बनवलं, की त्यात दुष्परिणामाच्या तक्रारी सापडणारच. ओळखता येणारा रुग्ण, कळवणारा माणूस, संशयित उत्पादन आणि झालेला त्रास या चार गोष्टी मिळाल्या की ती औषधसुरक्षेची वैध नोंद होते, आणि ती फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या, टीमकडे विनाविलंब गेली पाहिजे. इंग्रजी वाक्यांवर शिकवलेलं मॉडेल ‘लावल्यावर लय आग झाली, चट्टे आले’ हे पकडेलच याची खात्री नसते. शिवाय बाम लावल्यावर थोडी जळजळ अपेक्षित असते, चट्टे नसतात. हा फरक माणसानेच ठरवावा. म्हणून मॉडेलची चाळण ढिली ठेवा : दहा निरुपयोगी नोंदी माणसाकडे गेल्या तरी चालतील, एक खरी सुटता कामा नये. मराठी, वऱ्हाडी, हिंदी वाचू शकणारा माणूस त्या कामावर नेमून घ्या आणि त्याचा पगार पहिल्याच बजेटमध्ये मांडा.

प्रश्न : गावात राहूनच हे काम करता येईल का?
– एक वाचक, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : सुरुवातीला अवघड आहे. या कंपन्यांची मुख्य कार्यालयं बहुतेक मुंबई, गुरुग्राम, बंगळूरुकडे, आणि पहिली दोन-तीन वर्षं सेल्स आणि पुरवठ्याच्या माणसांजवळ बसूनच शिकणं होतं. हात बसल्यावर घरून काम मागता येतं. आरोग्याची आकडेवारी जवळच शिकायची असेल, तर तुमच्याच जिल्ह्यात ‘सर्च’ ही ग्रामीण आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे आणि वर्ध्याला सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय. घरोघरी जाऊन माहिती कशी गोळा करतात आणि तीच नोंद दुसऱ्या माणसाकडून कशी पडताळतात, हे गावपातळीवरच्या संशोधनात शिकायला मिळतं. अशा ठिकाणी फील्ड किंवा डेटा सहायकाची जागा निघाली, तर पगार कमी असला तरी अर्ज करा.