पोळ्यांचा पगार चालू ठेवा

«आई मे महिन्यात गेली. नौपाड्यातल्या तिच्या घरात दोन मांजरं आहेत. मनी 13 वर्षांची, बाळ्या 11 वर्षांचा. घर येत्या 1 तारखेपासून भाड्याने दिलंय. ठाण्यातल्या सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले. लोक वय विचारतात आणि गप्प होतात. एकाला फक्त बाळ्या हवाय. भाऊ म्हणतो, येऊरला सोडून येऊ. मी खारघरला राहते, आम्ही दोघंही दिवसभर कामावर. मी नौपाड्याला गेले की मनी पलंगाखाली शिरते. सध्या आईची पोळ्यांची बाई रोज संध्याकाळी सहाला येऊन खायला घालते, मनी तिच्याच हातचं खाते. तिचंही काम महिनाअखेरीस बंद करायचंय. मला फार अपराधी वाटतं. काय करू?»

तुमच्या अपराधीपणाला या पत्रात आधीच पुष्कळ जागा मिळालीय, मी आणखी देणार नाही. मूळ पत्र साडेतीन पानांचं होतं, त्याचं हे सार. त्या साडेतीन पानांत मांजरांची नावं आहेत, ग्रुपवरच्या अनोळखी लोकांचीसुद्धा आहेत. पोळ्यांच्या ताईंचं नाव मात्र कुठेच नाही.

मनी त्यांच्याच हातचं खाते, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. मी तिथेच थांबले. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते. अंगाने भरलेल्या मांजराला तर हा धोका जास्त, आणि त्यात जीवही जातो. अनोळखी घरात सोफ्याखाली बसून राहिलेलं म्हातारं मांजर नेमकं हेच करतं, खात नाही. 13 वर्षांची मनी माणसाच्या हिशेबात साधारण 68 ची. या वयात तिचं माणूस गेलं, आता घर जातंय, आणि उरलेला ओळखीचा हात तुम्ही महिनाअखेरीस बंद करताय. पगार वाचावा म्हणून!

भावाला सांगा, पाळलेलं जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. येऊरच्या जंगलात बिबटे आहेत, हे ठाणेकराला मी काय सांगायचं? आणि बाळ्याला एकट्याला मागणाऱ्याला आजच नाही म्हणून कळवा. अकरा वर्षं एका घरात काढलेली ही जोडी आहे.

तुम्ही ताईंना विचारलेलंच नाही. घराचं भाडं, डिपॉझिट, सोसायटी, सगळ्याचा विचार झाला आणि हे मात्र सुचलं नाही. का सुचलं नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

विचारायचं ते असं. 'घेऊन जा' म्हणू नका, 'ठेवाल का' म्हणा. आणि त्याआधी पैशाचं बोला. आईच्या घराचं भाडं येणार आहे, त्यातून त्यांचा पोळ्यांचा पगार होता तेवढाच दर महिन्याला चालू ठेवायचा. मांजरांचं खाणं, ट्रेची वाळू आणि डॉक्टर याचा खर्च वेगळा, तोही तुमचा. नेण्याआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या. या वयात मूत्रपिंडं आणि दात कुरकुरायला लागतात, आणि ते दुखणं गुपचूप ताईंच्या गळ्यात बांधायचं नाही. ज्या गोधडीवर ती दोघं झोपतात ती न धुता द्या, त्यांना घर कळतं ते वासाने. पहिले दोन-तीन आठवडे दोघांना दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे ताईंना आवर्जून सांगा.

त्यांचं घर लहान असेल, घरच्यांना मांजर नको असेल. त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा गळ घालायची नाही. मग दोघंही खारघरला, तुमच्याकडे. तुम्ही दिवसभर बाहेर असता ही सबब मला पटलेली नाही, म्हातारी मांजरं दिवसाचा बराचसा भाग झोपूनच काढतात. आधी खिडक्यांना जाळ्या लावून घ्या, आणि पहिला आठवडाभर ताईंना जाण्यायेण्याचं भाडं आणि दिवसाचे पैसे देऊन तिकडे बोलवा.

पण ते पुढचं. त्या सहाला येतात असं तुम्हीच लिहिलंय. आज ऑफिसातून लवकर निघा आणि साडेपाचलाच आईच्या घरी जाऊन बसा. मनी पलंगाखाली गेली तर जाऊ दे. ताई आल्या की त्यांना आधी बसायला सांगा.